लेसची किंमत काय लिहायची?

ती घटना आठवली की आजही माझं डोकं चक्रावतं. पोलिसातल्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. ताथवड्याच्या एका सोसायटीतल्या बाईंनी अर्ज दिला, की कपाटातली लेस चोरीला गेली. वीतभर रुंद, क्रोशाची, हातानं विणलेली. जुन्या लेसच्या प्रदर्शनातून त्यांनी ती चाळीस हजारांना घेतली होती. त्याच कपाटात सोन्याच्या पाटल्या होत्या, त्यांना कुणी हातही लावला नव्हता.

मी अर्ज दोनदा वाचला. लेस म्हणजे माझ्या लेखी परकराची किनार. तिचे चाळीस हजार? आणि पाटल्या सोडून लेस नेणारा हा चोर वेडा म्हणावा की शहाणा?

खबर मिळाली तीही हसत हसत. पिंपरीतला एक कापडवाला आमच्या हवालदाराला म्हणाला, "काय राव, एकेक नग येतात! काल एक म्हातारा पांढरी लेस घेऊन आला. म्हणे, ही चाळीस हजारांना जाईल का? मी म्हटलं, तीनशे देतो, ठेवून जा. तर हसत परत घेऊन गेला."

आकडा ऐकताच हवालदाराचे कान टवकारले. म्हातारा कापडवाल्याच्या ओळखीचा निघाला. संत तुकाराम नगरला राहणारा, कंपनीतून रिटायर झालेला. त्याची बायको ताथवड्याच्या त्याच घरी स्वयंपाकाला जायची.

दोघांना ठाण्यात बोलावलं. म्हाताऱ्याला बाहेर बाकावर बसवलं आणि महिला पोलिसाला सोबत घेऊन त्याच्या बायकोची चौकशी सुरू केली.

"मावशी, लेस तुम्ही नेली?"

"व्हय साहेब." तिनं पिशवीतून काढून टेबलावर ठेवलीसुद्धा.

कबुली इतकी सरळ मिळाली, की माझाच संशय वाढला. "मग पाटल्या का नाही नेल्या?"

"त्या माझ्या न्हाईत."

"आणि लेस तुमची आहे?"

"मी केलीय."

लग्नाआधी राजगुरुनगरकडच्या तिच्या गावात एक व्यापारी दोरा देऊन मुलींकडून लेस करून घ्यायचा. या लेसचे तिला साठ रुपये मिळाले होते. "शेवटच्या फुलामागं निळ्या दोऱ्याची गाठ हाय. पांढरा संपला हुता," ती म्हणाली. मी लेस उलटली. गाठ होती. मालकीणबाई पाहुण्यांना किंमत सांगत असताना तिनं ऐकलं आणि नवऱ्याला दाखवायला लेस घरी नेली. दाखवून परत ठेवणार होती. पण नवरा हसला आणि खरंखोटं करायला थेट दुकानात गेला.

आता आली का पंचाईत! विकलेल्या वस्तूवर विणणारीचा हक्क कसला? चोरी ती चोरीच. गुन्हा दाखल करायचा तर किंमत लिहावी लागणार. पहिलीच चोरी, माल परत आणि किंमत पाच हजारांच्या आत असेल, तर नव्या कायद्यात समाजसेवेवर भागतं. त्याच्या वर गेली की तुरुंगाची टांगती तलवार. मला बाईची दया आली. मालकीणबाईंना बोलावून सगळं सांगितलं, गाठ दाखवली आणि म्हटलं, "कापडवाला तीनशे म्हणतोय. तीनशे लिहू?"

"लिहा. यांना आत पाठवायचं नाहीये मला."

मी पेन उचललं. तेवढ्यात मावशी कडाडली, "तीनशे न्हाई लिवायचं!"

"अहो, चाळीस हजार लिहिले तर आत जाल!"

"जाईन! व्यापाऱ्यानं साठ दिलं, तवा गप बसले. ह्यांनी तीनशे ऐकून दात काढले. आता सरकारनं बी तसंच लिवायचं व्हय?"

माल कमी दाखवा म्हणून पाया पडणारे आरोपी मी आयुष्यभर पाहिले. वाढवा म्हणणारी ही पहिलीच!

मालकीणबाईंनी त्या निळ्या गाठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "साहेब, मला अर्ज मागे घ्यायचाय." जबाबात आमचं नेहमीचं वाक्य आलं, 'गैरसमजातून अर्ज दिला होता'. गैरसमज नेमका कुणाचा आणि कशाबद्दल, हे मलाही सांगता आलं नसतं.

मालकीणबाईंना लेस परत दिल्याची पावती करताना पुन्हा किमतीचा रकाना आला आणि माझा हात अडला. शेवटी लिहून टाकलं.

"काय लिवलं?" मावशीनं विचारलं.

"चाळीस हजार."

"मला नगा सांगू. ह्यांना आत बोलवा, अन् मंग वाचा. मोठ्यानं."

म्हातारा आत आला. मी आकडा अक्षरी वाचला. तो कधी लेसकडे, कधी बायकोकडे बघत राहिला.

त्या लेसची खरी किंमत काय, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण रकाना भरण्याआधी, जिच्या हातची वस्तू आहे तिलाही एकदा विचारावं, एवढं मी त्या दिवशी शिकलो. रिटायर व्हायला तेव्हा थोडेच महिने उरले होते.