मुकेभाऊ विचारू लागले

औषधांच्या दुकानात काउंटरमागे अर्धं आयुष्य गेलेल्या त्या माणसाला गिऱ्हाइकं मुकेभाऊ म्हणायची. भाऊ मुके मुळीच नव्हते. घरी बोलायला लागले की बायको म्हणे, "आता जरा श्वास घ्या." दुकानात मात्र तोंडाला कुलूप, आणि त्याला कारण ती गोळी. पुरुषांची म्हणा, ताकदीची म्हणा. तिचं नाव घेऊन मागणारा माईचा लाल भाऊंनी अजून पाहिला नव्हता. लोक आधी खोकल्याचं औषध मागत, मग कापूस, मग मागे कोण उभं आहे ते बघत. भाऊ काय ते ओळखत आणि चिठ्ठी न मागता पाकीट पुढे सरकवत.

या गोळीसाठी कुणी आपल्या गल्लीतल्या दुकानात जात नाही. तिथला दुकानदार बायकोलाही ओळखतो ना! म्हणून रक्तदाबाची, हृदयाची औषधं घराजवळून, आणि ही परक्या वस्तीतून. भाऊंकडे येणारे सगळे असे परकेच. कुणाचं आणखी कुठलं औषध चालू आहे, हे त्यांना विचारल्याशिवाय कळणं शक्य नव्हतं. पण न विचारणं हाच दुकानाचा लौकिक होता, आणि खोटं कशाला बोला, भाऊंना त्याचा चांगलाच अभिमान होता.

एका सकाळी साठीच्या एक बाई आल्या. त्यांनी पिशवीतून दुकानाचा शिक्का असलेलं पाकीट काढलं.

"भाऊ, हे आमच्या ह्यांच्या कपाटात सापडलं. ते गेले मागच्या महिन्यात. कशाची गोळी आहे ही?"

पाकिटातली एकच गोळी कमी होती. भाऊंना माणूस लगेच आठवला. तपकिरी स्वेटर, नीट विंचरलेले पांढरे केस. खोकल्याच्या गोळ्या मागून घेतल्या होत्या आणि घाईत काउंटरवरच विसरला होता.

"ताई, ती... पुरुषांसाठी असते. नवरा-बायकोचं ते..." भाऊ अडखळले.

बाई लाजल्या, चक्क हसल्या. "या वयात! तरीच त्या संध्याकाळी स्वारी गुणगुणत होती." मग त्यांचे डोळे भरून आले. "मला वाटायचं, माझ्यावरून मन उडालंय त्यांचं. आणि नेमकी त्याच दिवशी छातीत कळ आली हो. ती जिभेखाली ठेवायची गोळी घरात होतीच. मीच ठेवली, या हातांनी. पण मिटलेले डोळे उघडलेच नाहीत."

भाऊंनी पाकिटावरचा आपल्या दुकानाचा शिक्का पुन्हा पाहिला. ती गोळी अंगात असताना ही जिभेखाली ठेवली, तर रक्तदाब कोसळून माणूस जाऊ शकतो. हे तर या धंद्यात सगळ्यात आधी शिकवतात. एक गोळी भाऊंनी दिली होती, दुसरी बाईंनी.

"भाऊ, या दोन गोळ्या एकमेकींना बाधत तर नाहीत ना?"

खरं सांगावं, तर बाई उरलेला जन्म स्वतःला कोसत काढणार. न सांगावं, तर आपली मान सुटते. त्या क्षणी बोलली ती दया की भीती, हे भाऊंना आजतागायत उमगलेलं नाही.

"नाही," भाऊ म्हणाले.

"मग बरं. माझ्याकडून काही कमी पडलं नाही, तेवढंच समाधान."

त्या दिवसापासून भाऊ विचारू लागले. गर्दी असो नसो, खणखणीत आवाजात: "हृदयाची गोळी चालू आहे का? छातीत दुखतं का?" माणसं कानकोंडी होऊन निघून जात. मालकांनी झापलं, भाऊंनी ऐकून घेतलं. दुपारी दुकान रिकामं असलं की काचेपलीकडे तपकिरी स्वेटर उभा दिसे. "पुढे या," भाऊ म्हणत, आणि समोर कुणीच नसे. झोपेतही ते विचारतात, असं बायको सांगते. जेवण तुटलंय, अंगावरचे कपडे सैल झालेत.

बाई मात्र आता दर महिन्याला येतात. स्वतःची सगळी औषधं भाऊंकडूनच घेतात. भाऊ प्रत्येक गोळीची चौकशी करतात आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघणं टाळतात.

"एवढ्या लांबून का येता, ताई?" एकदा न राहवून त्यांनी विचारलं.

"तुमच्यावर विश्वास बसलाय, भाऊ," बाई म्हणाल्या. "आमच्या घराजवळचा दुकानदार काही विचारतच नाही. अशानं एखाद्या दिवशी कुणाचा तरी जीव जायचा."