एक पंख उघडला नाही

आमच्या आत्याला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. चहाचा कप हातात घेऊन ती या खोलीतून त्या खोलीत जायची, कप कुठे ठेवला ते विसरायची आणि दुसरा चहा करायला घ्यायची. "ताई, तुझ्या पायाला भिंगरी आहे," असं बाबा म्हणायचे. पुढे घरात तिचं नावच भिंगरी पडलं.

नोकरीही तिला साजेशी मिळाली होती. उपग्रह बनवणाऱ्या एका केंद्रात ती कंपन चाचणीचं काम बघायची. रॉकेट वर जाताना आतला उपग्रह जबरदस्त हादरतो. ते हादरे त्याला सोसतील का, हे आधी जमिनीवर तपासावं लागतं. त्यासाठी एक भलंमोठं टेबल असतं. त्यावर उपग्रह बोल्टांनी आवळायचा, त्याच्या अंगावर जागोजागी सेन्सर चिकटवायचे आणि टेबल हलवायला लागायचं. "लोक चांगल्या वस्तू जपतात," आत्या म्हणायची, "मला पगार मिळतो तो त्यांना छळायचा." त्या विभागातली ती पहिली बाई. सुरुवातीला तिच्या मापाचे सेफ्टी बूटही तिथे नव्हते. दोन मोजे चढवून ती फटक फटक करत फिरायची, आणि ती येतेय हे सगळ्यांना आधीच कळायचं.

मी नववीत असताना आमच्या मुख्याध्यापिकांच्या मनात आलं, की तिचं शाळेत भाषण ठेवायचं. आत्याने टाळायचा खूप प्रयत्न केला.

"बाई, मला भाषण येत नाही. मी उभी राहिले की चालायला लागते."

"मग चाला की. स्टेज चांगलं लांबरुंद आहे आमचं," बाई म्हणाल्या. तारीख ठरली.

तेवढ्यात आत्याने टेबलावर तपासलेल्या एका उपग्रहाचं उड्डाण हवा बिघडली म्हणून पुढे गेलं आणि नेमकं भाषणाच्या आदल्या दिवशी आलं. रॉकेट छान गेलं. बाबांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पण संध्याकाळी आत्या घरी आली ती चपला न काढताच आत. उपग्रहाला ऊन खाऊन वीज करणारे दोन पंख असतात. वर गेल्यावर ते आपोआप उलगडतात. एक उलगडला होता, दुसरा मिटलेलाच होता.

"तुला तिथे थांबायला नको का?" आईने विचारलं.

"हाकललं मला. मी फेऱ्या मारून मारून सगळ्यांचं डोकं फिरवत होते म्हणे."

सकाळी बाबा म्हणाले, "ताई, आज शाळेत नको जाऊस. फोन करून कळव."

"आणि घरात बसून काय करू? भिंतींना धडका मारू?"

आम्ही दोघी चालतच निघालो. ती इतकी भरभर चालत होती, की मला मधूनमधून पळावं लागत होतं. वाटेत एकच वाक्य ती दोनदा बोलली: "टेबलावर तर नीट उघडला होता गं."

हॉल गच्च भरला होता. मागे मोठा फलक होता, 'मुलींनो, आकाश तुमचंच आहे!' आत्याने त्याच्याकडे बघितलं, माइक हातात घेतला आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणे लहानपणापासून सुरुवात केली. बोलणं धड जमत नव्हतं. पुढच्या रांगेतल्या मुली नखं बघायला लागल्या होत्या. मग बोलता बोलता ती मध्येच थांबली.

"हे राहू दे," ती म्हणाली. "काल आमच्या उपग्रहाचा एक पंख उघडला नाही. माझ्या डोक्यात दुसरं काही शिरतच नाहीये."

बाईंनी घसा खाकरला. तेवढ्यात आमच्या वर्गातली शंकासुर उठली. प्रत्येक तासाला हात वर करायची म्हणून तिला हे नाव पडलं होतं, आणि शिक्षकही तिला वैतागलेले असायचे.

"मॅडम, मग तुम्ही इथे काय करताय?"

हशा पिकला. बाईंचा चेहरा लाल झाला. आत्या मात्र हसली नाही, रागावलीही नाही.

"तिथे आत्ता दुसऱ्यांची पाळी आहे. माझ्या हाताला काम नाही."

"चूक तुमची आहे?"

"माहीत नाही. असू शकते."

मोठ्या माणसाला माइक हातात धरून असं म्हणताना आम्ही कधी ऐकलं नव्हतं. आत्याने फळा पुढे ओढला, खडू घेतला आणि बिजागरी काढली. शंकासुरला वर बोलावलं, मलाही बोलावलं, आणि उपग्रहाचे दोन मिटलेले पंख म्हणून दोघींना पाठीला पाठ लावून हात मिटून उभं केलं. तिने सांगितलं की वर भयंकर थंडी असते, गारठ्यात बिजागरी आखडली असेल. आता उपग्रहाची ती बाजू उन्हाकडे फिरवायची, तापू द्यायची आणि मग त्याच्या छोट्या इंजिनांनी त्याला हिसका द्यायचा.

"आणि तोवर बॅटरी संपली तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"तर संपलं," आत्या म्हणाली आणि स्टेजच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली.

घंटा झाली तरी मुली हलेनात. बाईंनी शेवटी माइकच बंद केला.

पुढचे काही दिवस शाळेत माझं जगणं मुश्कील झालं. फाटकातून आत पाऊल टाकलं की घोळका: "उघडला का?" डब्याच्या सुट्टीत, नळावर, जिन्यात, तेच. मोठ्या वर्गातल्या ज्या मुली एरवी माझ्याकडे ढुंकूनही बघत नसत, त्यासुद्धा. गणिताच्या तासाला शंकासुरने उन्हाचा कोन काढून मागितला, तेव्हा सरांनी डोक्याला हात लावला. घरी आत्या जेवताना घास तोंडाशी नेऊन तसाच थांबवायची आणि फोनकडे बघायची.

पहिल्या हिसक्याने काही झालं नाही. दुसऱ्या हिसक्याला पंख हलला, अर्ध्यावर उघडला आणि तिथेच अडकला. तो पुढे कधीच पुरा उघडला नाही. उपग्रह चालला, पण त्याच्यावरची निम्मी यंत्रं बंद ठेवावी लागली. चौकशीत कळलं की दोष बिजागरीत नव्हता. तिच्याजवळून जाणाऱ्या तारांचा जुडगा गारठून ताठ झाला होता. थंडीची चाचणी त्या तारा न जोडताच झाली होती. ती चाचणी आत्याच्या विभागाची नव्हती.

"मग तू का जीवाला लावून घेतेस?" बाबा म्हणाले.

"कारण मी तिथे उभी होते रे. तारा लोंबताना बघितल्या होत्या. विचारावं असं मला सुचलं नाही."

हे सांगायला ती आपणहून शाळेत गेली. ना फलक, ना माइक, थेट आमच्या वर्गात. मग सुट्टीत काही मुलींना तिने केंद्र दाखवायला नेलं. काचेपलीकडे पांढरे कोट, टोप्या आणि मास्क घातलेली माणसं काम करत होती. त्यांत बाया कोण नि पुरुष कोण, काही कळत नव्हतं. शंकासुर काचेला नाक लावून उभी होती. तिचा श्वास काचेवर उमटत होता आणि ती तो बाहीने पुन्हा पुन्हा पुसत होती.

मी काही त्या वाटेने गेले नाही. मी गाणं शिकवते. शंकासुर मात्र गेली. तिच्या वडिलांना ती घराजवळच्या बँकेत लागावी असं वाटत होतं. त्यांच्याशी वर्षभर भांडून ती इंजिनिअरिंगला गेली, पहिल्या वर्षी नापास झाली, रडली, पुन्हा बसली. आज ती दुसऱ्या एका केंद्रात थंडीच्या चाचण्या बघते. तिथे तिच्यावर वैतागणारे बरेच आहेत, असं ती मोठ्या अभिमानाने सांगते.

आत्या निवृत्त झाली, पण घरी टिकत नाही. आता ती बोलावणं नसतानाही शाळांमध्ये जाते. गेल्या आठवड्यात परत आली तेव्हा तोंड उतरलेलं होतं.

"काय झालं गं?"

"मुली छान होत्या. टाळ्या वाजवल्या, फुलं दिली." पिशवी खुर्चीवर टाकून ती खिडकीशी गेली, तिथून दाराशी. "पण एकीनेही काही विचारलं नाही. मीच काहीतरी गुळगुळीत बोलले असणार."

"दमली असशील. बस जरा."

"मंगळवारी पुन्हा जाते," ती म्हणाली, आणि त्या शाळेचा नंबर शोधायला लागली.