डोकं आपलं, दात लोकांचे

आमचे हे कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या मापाचा साचा पाठवायचे, हे मागच्या खोलीत बसून त्यावर एकेक दात बसवायचे, आणि काम झालं की सायकलला टांग मारून दवाखान्यात पोचवायचे. गल्लीत सगळे यांना दातवाले म्हणत. माणूस सोन्यासारखा, पण हट्टी म्हणजे किती हट्टी!

नाक्यावर दूधवाला सायकलवरून पडला, डोक्याला टाके पडले, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. लेकीने यांना हेल्मेट आणून दिलं. चार दिवस घातलं. मग एकदा पिशवीत कवळीचा साचा फुटला आणि हे सुरी घेऊन बसले. हेल्मेटच्या आतला जाड फोम कोरून वरच्या नि खालच्या दातांना जागा केली, वर फडकं बांधलं, कॅरियरला आवळलं. साचा आता जरासुद्धा हलत नाही, म्हणून मलाच कौतुकाने दाखवलं. मी कपाळाला हात लावला.

"अहो, ते डोक्यासाठी आहे."

"डोकं आपलं आहे गं. दात लोकांचे आहेत. आणि जवळच तर जायचंय."

रोज सांगायचे, पण पालथ्या घड्यावर पाणी.

पलीकडच्या रस्त्यावरच्या म्हाताऱ्या बाईंची कवळी काही केल्या बसत नव्हती. बिचाऱ्या शाळेतून निवृत्त झालेल्या, नुसतं पातळ गिळून दिवस काढत होत्या. यांनी ती पुन्हा पुन्हा घासली, जमली तेव्हा खुशीत निघाले. उभ्या गाडीचं दार कुणीतरी न बघता उघडलं. हातापायाला नावाला खरचटलं होतं. लागलं ते डोक्यालाच. हे घरी परत आलेच नाहीत.

हेल्मेट पोलिसाने आणून दिलं. फडकं सोडून बघितलं तर दात जागच्या जागी, टवका नाही. इतका संताप आला की वाटलं, भिंतीवर आपटावेत. पण यांच्या हातचं शेवटचं काम ते. लेकीबरोबर दवाखान्यात पाठवले.

पुढे बाई भेटायला आल्या. तोंडावर हात धरूनच बोलत होत्या, जणू चोरी केलीय. म्हटलं, "हात काढा बाई. बघू द्या मला." त्यांनी काढला. अगदी स्वतःचे असावेत तसे बसले होते.

"चावता येतं ना?" मी विचारलं.

"येतं हो," म्हणाल्या, आणि दोघी ढसाढसा रडलो.

आज लेक कामाला जायला यांची सायकल काढत होती. ते हेल्मेट तिच्या डोक्यावर ठेवून बघितलं. बसेना. यांनी कोरलं होतं तिथे बोटभर पोकळी, आणि कडा कपाळाला टोचत होत्या. म्हटलं, नवीन आणल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही.

"आई, जवळच तर जायचंय," ती म्हणाली.

मी दारात आडवी उभी राहिले ती हललेच नाही.