लेथचा पट्टा मी आणला तेव्हा

बाबांच्या लेथचा पट्टा तुटला तेव्हा ते पहिल्यांदा काय म्हणाले, ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. "संध्याकाळी ती येईल, तिला विचारू कोणता आणायचा."

ती म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरची तेलुगू मुलगी. घरी बसून कंपनीचं काम करते. नारायणगुड्यातल्या आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथं बाबांचा लेथ मी लहान असल्यापासून आहे; निवृत्त झाल्यापासून ते त्यावर लाकडाची लाटणी, भोवरे, पाळण्याचे खुंट बनवतात. एकदा ती गंमत म्हणून बघायला आली आणि मग रोजच यायला लागली. बाबा तिला पटाशी कशी धरायची ते शिकवायचे. तिनं केलेली पहिली वाटी त्यांनी दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी ठेवली. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. पण मी शाळेत शिकवून परत आले की शेडमधून त्या दोघांचं हसणं ऐकू यायचं, आणि चहा मी एकटीच प्यायचे.

"तिला कशाला? मीच आणते," मी म्हणाले.

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुला जमेल?"

त्या दोन शब्दांनी मला राणीगंजच्या बाजारात पिटाळलं. जुन्या पट्ट्यावरचा आकडा झिजून गेला होता, म्हणून तुटलेला पट्टाच पिशवीत घेतला. दुकानात छतापर्यंत काळे पट्टे टांगलेले. दुकानदारानं दखनी हिंदीत विचारलं, "ए सेक्शन होना कि बी?" म्हणजे अरुंद हवा की रुंद. मला काय कळतंय? त्यानं जुना पट्टा हातात घेऊन सांगितलं, "ये तो ए दिखरा, मॅडम." पण बाबा नेहमी कुरकुरायचे, लाकूड जड असलं की पट्टा घसरतो म्हणून. मला वाटलं, रुंद पट्टा जास्त मजबूत असणार. घसरणं कायमचं बंद होईल आणि बाबा म्हणतील, हे तिलासुद्धा सुचलं नव्हतं. मी म्हणाले, "लांबी इतकीच द्या, पण बी द्या." त्यानं खांदे उडवले आणि दिला.

बाबांनी तो पुलीवर चढवला. चढवताना थोडे थबकले, मग दाबून बसवला. मोटर सुरू झाली आणि शेडभर किंचाळल्यासारखा आवाज सुटला. पाठोपाठ रबर जळल्याचा वास.

जिन्यावरून चपला वाजल्या. ती दारात येऊन उभी राहिली, मशीनकडे न बघताच म्हणाली, "अंकल, बंद करो. पट्टा चौडा है, खाचे में बैठताइच नै."

बाबांनी बटण बंद केलं. आणि किती कौतुकानं माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? नुसत्या आवाजावरून ओळखलं!"

माझा तोल गेला. "मला का नाही शिकवलं कधी? मी तुमची मुलगी आहे ना?"

ती गोंधळून वर निघून गेली. बाबा स्टुलावर बसले.

"तू कधी मागितलंस?"

"मागितलं होतं! सातवीत असताना. तुम्ही म्हणालात, जा, अभ्यास कर."

त्यांनी वाकून पुलीवरचा पट्टा उतरवला. वर्कशॉपमधल्या नोकरीत त्यांनी एका सोबत्याचा हात मशीनमध्ये गेलेला पाहिला होता, हे मला माहीत होतं. त्याबद्दल ते कधी बोलायचे नाहीत. आताही एवढंच म्हणाले, "तुझी लांब वेणी होती बाई. तू या मशीनजवळ आलीस की मला ती आत ओढली गेलेली दिसायची. वरची मुलगी शिकताना तसं होत नाही. ती काही माझी लेक नाही."

मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण मनात आलं, भीती माझ्या वाट्याला आणि हसणं तिच्या, ही कसली वाटणी?

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले, पदर खोचला आणि शेडमध्ये जाऊन उभी राहिले. बाबांनी सुतळी माझ्या हातात दिली. मोटर ज्या लोखंडी पट्टीवर सरकते तिच्या मधोमध आणायला लावली, म्हणजे नवा पट्टा पुढेमागे ताणायला जागा राहते. मग लांबीच्या मापासाठी दोन्ही पुल्यांच्या खाचांतून सुतळी फिरवून घेतली. पट्ट्याची पाठ खाचेच्या काठाशी सारखी यायला हवी, बाहेर डोकावता कामा नये, हे त्यांनी जुन्या तुकड्यावर दाखवलं. सुतळी घेऊन मी पुन्हा राणीगंजला गेले. दुकानदारानं पट्टा बदलून दिला, तेव्हा हसू दाबलं असावं. चढवलाही मीच. लेथ सुरळीत फिरला.

संध्याकाळी ती आली. पट्ट्यावर बोट दाबून बघितलं आणि विचारलं, "किसने लगाया?"

"माझ्या पोरीनं," बाबा म्हणाले.

ती माझ्याकडे वळली आणि अगदी स्वच्छ मराठीत म्हणाली, "छान बसलाय, ताई."

मराठी! तीही बाबांनीच शिकवली असणार, शेडमध्ये, मी आत एकटी चहा पीत असताना. मी हसून "थँक्यू" म्हटलं. आतून जळत होते.

तेव्हापासून मी शाळा सुटली की कुठं थांबत नाही. ती जिना उतरते तेव्हा लेथवर मी असते आणि तिला वाट बघावी लागते. माझं लाटणं अजून एका टोकाला जाड होतं, तरी मी जागा सोडत नाही. ती शांतपणे उभी राहते. मग बाबा उठतात आणि स्वतःचं स्टूल तिच्याकडे सरकवतात. ते मला अजूनही बघवत नाही.