भुजमध्ये जुनेर

पहिलटकरीण माहेरी येते, अशी रीत आहे. पण डॉक्टरनं नातीला प्रवास करू नको म्हणून सांगितलं, तेव्हा माहेरच भुजला गेलं. सुनेचे गुडघे दुखतात, म्हणून मी गेले.

मानवत रोडला रेल्वे धरायला एसटीतून उतरताना जुनेरांचं गाठोडं सीटखालीच राहिलं. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, सगळं नीट पोचलं. नेमकं तेवढंच गेलं. आमच्याकडे पाचवी पुजेपर्यंत लेकराला कोरं कापड लावत नाहीत. चार घरची जुनी, मऊ लुगडी मागून आणायची, त्यांची गोधडी शिवायची आणि पाचवीला लेकरू तिच्यावर निजवायचं. जी माणसं जगली-वाचली, त्यांच्या अंगचं कापड लेकराला लागावं, एवढाच त्याचा अर्थ.

पणतू झाला. नातजावयानं कोरी दुपटी आणली, ती मी बाजूला ठेवली. माझं एक लुगडं फाडलं, पण एका घरची गोधडी होत नाही. शेजारी मागते म्हटलं, तर नात म्हणाली, "आजे, इथं कुणाला जुनं मागू नको. भूकंपात त्यांचं समदं गाडलं गेलंय. तुझं तोंड लय फाटकं हाय."

खरंच होतं तिचं. रस्ते रुंद, घरं नवी, झाडंसुद्धा नवीच. समोरच्या बाईनं फुटक्या कपबश्यांचे, आरशांचे तुकडे कुंपणाच्या भिंतीत बसवून मोर केला होता. तिच्या ओसरीत बाया जमून मातीच्या नक्षीत आरसे बसवायच्या. ती नक्षी नव्या घरांच्या भिंतींवर जायची. मोर मला आवडला. पाय जरा जाड झालेत. पण अशा गावात जुनेर कुठलं? मी गप्प बसले. मला ते जमत नाही.

पाचवीच्या आदल्या दिवशी ती मोरवाली बाळ बघायला आली. मी सुई घेऊन नुसतीच बसलेली.

"क्या हुआ, मांजी?"

मी आमच्या परभणीच्या हिंदीत सांगून टाकलं, "पुराना कपडा होना. पर तुमारा तो सब दब गया ना."

नातीनं कपाळावर हात मारला. बाई मात्र हसायला लागली. "दबा तो दबा. उसके बाद दो बेटियां ब्याहीं, नातिन कॉलेज जाती है. हम क्या कल के हैं?"

तासाभरात तिनं स्वतःच्या आणि ओसरीतल्या बायांच्या ओढण्या आणल्या, धुऊन धुऊन मलमल झालेल्या. एकीनं सासऱ्याचं धोतर दिलं. ते खळीनं कडक होतं, मी परत केलं. भूकंप झालेलं गाव कायम नवंच राहतं, असं मी कसं धरून चालले कोण जाणे. माणसं जगायला लागली की कापड झिजतंच.

शिवायला ती माझ्याजवळ बसली. कोपऱ्यांना आरसे लावू म्हणाली.

"लेकराला टोचतील. तुझ्या मोराला लाव."

"मोर को बहुत हैं," ती म्हणाली आणि दोरा ओवून दिला.

पाचवी पुजली, लेकरू गोधडीवर निजवलं. मोरवालीनं कोपरा उचलून बघितला. "टांके टेढे हैं, मांजी."

होते. घाईत घातलेले. पण लेकरू हातपाय पसरून झोपलं होतं, म्हणून तिच्या मोराचे पाय जाड झालेत, हे मी तिला बाहेर ओसरीत गेल्यावर सांगितलं.