सईच्या बाजूची काच

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, इतक्या वर्षांनी.

आम्ही नागोयात राहतो, मी गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. तेव्हा पुण्याहून माझी आई आली होती. बायको ऑफिसच्या कामाला टोकियोत, म्हणून आईला आणि आमच्या आठ वर्षांच्या मुलीला, सईला, मागे बसवून मीच सफारी पार्कला निघालो. आपलीच गाडी घेऊन सिंहांमधून जायचं. फाटकावरच्या माणसानं वाकून बजावलं, काचा बंद ठेवा. सई सकाळपासून काचेच्या बटणाशी खेळत होती, आईनं दटावलंही होतं. म्हणून मी माझ्या दारावरून मागची बटणं लॉक केली. हे लक्षात ठेवा — मागून काच उघडणं शक्यच नव्हतं.

सिंहीण सईच्या बाजूला, रस्त्याला लागूनच पसरली होती. मला घरच्या ग्रुपवर टाकायला व्हिडिओ हवा होता, आणि काचेवर ऊन चमकत होतं. चार बोटं उघडली तर काय होतंय — असं वाटलं मला. माझ्या दारावरच्या बटणानं सईच्या बाजूची काच तेवढीच उघडली.

ती उठली. सावकाश चालत आली. मी काच वर घ्यायला गेलो आणि — कसं सांगू — उलटं दाबलं. काच पूर्ण खाली. तिचा उग्र वास गाडीत आला. सई आईकडे सरकली, आई डोळे घट्ट मिटून देवाचं नाव घेत होती. पार्कची जीप हॉर्न वाजवत मध्ये घुसली म्हणून... पुढचं मी आजही मनात पूर्ण करत नाही.

बाहेर पडल्यावर आईनं सईला विचारलं, "काच उघडलीस कशाला गं?"

सईला मराठी सगळं कळतं, पण घाबरली की जपानीच येतं. ती म्हणाली, मी नाही उघडली. स्पष्ट म्हणाली. आईला जपानी काय कळणार? तिनं मला विचारलं, "काय म्हणतेय ही?"

मी म्हणालो, "चुकलं म्हणतेय."

आईनं तिच्या थोबाडीत मारली. जन्मात पहिल्यांदा. सईनं गाल धरून आरशातून माझ्याकडे बघितलं, रडली नाही. मी गाडी चालवत राहिलो.

आता ती कॉलेजात आहे. दिवाळीला लोक जमले की तो किस्सा स्वतःच काढते — "लहानपणी मी सिंहिणीसमोर काच उघडली होती." सगळे हसतात. मीही हसतो. खरंच तसंच आठवत असेल का तिला? की मला सांभाळतेय? की मी खरं सांगायची वाट बघतेय? विचारायची माझी हिंमत नाही.

सांगते मात्र मराठीत, शब्द जुळवत जुळवत. एरवी शब्द अडला की माझ्याकडे वळते, बाबा, हे मराठीत कसं म्हणायचं. हा किस्सा सांगताना कधीच वळत नाही.