बांधावर दिसलेले आबा

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली मी नाही. लग्नाआधी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायचे, त्यामुळे रिपोर्टमध्ये दिसतं तेवढंच खरं मानायची सवय. सासरी कुणी मुलीची दृष्ट काढायला लागलं की मिरच्या वाया चालल्या म्हणून कुरकुरणारी बाई मी. या ग्रुपवरचे अनुभवसुद्धा आजवर करमणूक म्हणूनच वाचले. आज स्वतःच लिहायला बसलेय...

आम्ही रोह्याला लागून वरसे गावात राहतो. दुसरा मजला, हॉलला लागून गॅलरी. माझे मिस्टर नरेश धाटावला एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातात. मुलगी स्वरा तेव्हा पाचवीत होती. सासरे, म्हणजे आबा, एकटे गावी राहायचे. पेणच्या पुढे खाडीकडे आमचं गाव आहे. तिथे खाडीला लागून मातीचा लांब बांध आहे. अलीकडे भातशेती आणि गावाचं गोड्या पाण्याचं तळं, पलीकडे खारं पाणी. आबांचा जन्म त्या बांधावर गेला. रोज संध्याकाळी बांधाला एक फेरी मारून, कुठे भोक पडलंय का बघून यायचं, हा त्यांचा नेम.

लॉकडाऊन लागायच्या जरा आधी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आम्ही त्यांना रोह्याला आणलं. चार दिवसांत परत सोडणार होतो. तेवढ्यात सगळं बंद झालं. नागोठण्याला नाकाबंदी, गावांच्या वेशीवर आडवे बांबू. पेण तासाभरावर, पण जाणार कसं?

सुरुवातीचे दिवस तसे बरे गेले. मी वाल भिजत घालायचे, मोड आले की स्वरा आणि आबा समोरासमोर बसून सोलायचे. भाकरी, बिरडं, कधी जवळ्याची चटणी. नरेशला कंपनीचा पास होता, तो येताना मिळेल ती भाजी आणायचा. पण आबांना चैन नव्हती. हॉलमधून किचन, किचनमधून गॅलरी, परत हॉल... डोळ्यांवर काळा चष्मा लावून घरभर नुसत्या येरझाऱ्या. मी संध्याकाळी त्यांना गच्चीवर फिरायला न्यायचे. तिथेही ते कठड्याला धरून गोल गोल चालायचे.

"आबा, बसा ना जरा."

"बसून काय करू गो? पाय वळवळतात नुसते."

आणि मग एक दिवस ते चालायचे थांबले.

चार वाजता चहा घेतला की गॅलरीतल्या खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे आणि दिवेलागणीपर्यंत हलायचे नाहीत. मला आधी हायसं वाटलं. पण एकदा डोळ्यात औषध घालायला गेले तेव्हा त्यांचे पाय दिसले. अनवाणी पावलं फरशीवर एकाआड एक दाबली जात होती. माणूस चालताना अंगठा रोवतो ना, तशी. मी हाक मारली. बऱ्याच वेळाने डोळे उघडले आणि माझ्याकडे असं बघितलं, की ही बाई कोण.

त्याच रात्री जेवायला वाढलं तर म्हणाले, "नको. जेवलोय मी."

"कधी जेवलात? कुठे?"

"निवट्यांचं कालवण व्हतं," एवढं बोलून हात धुवायला उठले.

निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात मिळणारे छोटे मासे. आमच्या घरात कित्येक दिवसांत मासळीच आली नव्हती. नरेश मला हळूच म्हणाला, "वय झालंय, गावची आठवण येत असेल." मलाही तेच पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाहून सुगंधावहिनीचा फोन आला. आमच्या घराशेजारीच तिचं घर.

"अगो, आबांना सांग ना काय तरी. तोंडाला रुमाल नाय, काय नाय, असेच फिरतात."

"कुठे फिरतात?"

"कुठं म्हंजे? हितं, बांधावर. काल सांजचे आमच्याकडं जेवून गेले. निवट्या केल्या व्हत्या, वाटी भरून खाल्ल्या. आन् तो काळा चष्मा कशाला गो लावलाय? मी इचारलं तं नुसते हसले. तुमच्या घराला कुलूप तसंच हाय, ऱ्हातात कुठं ते बी सांगत नाय."

मी पाणी भरत होते. बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद करायचं भान राहिलं नाही. गावात कुणी त्यांना काळ्या चष्म्यात बघितलंच नव्हतं. ऑपरेशन रोह्यात झालं होतं.

"वहिनी, आबा आमच्याकडे आहेत. इथे. रोह्याला."

ती हसली. "व्हय, नरेशनं पासावर सोडलं आसंल, पोलिसांच्या भीतीनं लपवतेस. मी नाय कोणाला सांगत." आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मीच बेचैन झाले. दाराला आतून कडी घालायला लागले. आबांच्या चपला उलट्या करून बघायचे, कुठे चिखल लागलाय का. कोरड्या असायच्या. पोळी तव्यावर टाकायची, गॅलरीत डोकावायचं, आबा खुर्चीत आहेत ना बघायचं, परत किचनमध्ये यायचं, तोवर पोळी करपलेली. नरेश वैतागला, म्हणाला तुला घरात कोंडून कोंडून भास व्हायला लागलेत. भास मला होत नव्हते, हे त्याला कसं सांगू?

मे महिन्यातलं पौर्णिमेचं उधाण होतं. दुपार टळलेली. मी कांदा चिरत होते, नरेश घरीच होता. आबा खुर्चीतून एकदम उभे राहिले आणि केवढ्याने ओरडले, "अरे बळीराम! खांड पडली! पळा, पळा रे!"

खालच्या मजल्यावरची माणसंही बाहेर आली. आबा कठडा धरून उभे, सगळं अंग घामाने भिजलेलं. नरेशने धरून आत आणलं. बळीराम म्हणजे सुगंधावहिनीचा नवरा, आणि खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. नरेशने त्याला फोन लावला... उचलला नाही. परत लावला, तरी नाही. गावातल्या दुसऱ्या दोघांना लावला, तेही नाहीत. तासभर नरेश आळीपाळीने सगळ्यांना फोन लावत राहिला.

मग बळीरामचाच फोन आला. धापा टाकत होता.

"वाचलो रे नऱ्या! बांध फुटला व्हता. आख्खा गाव चिखलात उतरला, आताशी भोक बुजलं. टायमाला पोचलो नसतो तं तळं गेलं आसतं. ह्या टायमाला प्यायला पाणी कुठनं आणलं आसतं? आबांनी हाका मारल्या म्हणून समाजलं. आता दिसत नाय कुठं ते. म्हाताऱ्या माणसानं चिखलात उतराचं का? भेटले तं मी कपडे बदलाय सांगतो."

नरेशने फोन ठेवला. त्याने व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल आबांसमोर धरला. आबा सोफ्यावर, अंगावर कोरडा बनियन, हातात स्वराने दिलेला सरबताचा ग्लास. स्क्रीनवर बळीरामचा चेहरा चिखलातून वर काढल्यासारखा, सगळा माखलेला. मागून आमच्या बिल्डिंगमधल्या कुकरची शिट्टी झाली. बळीराम बघत राहिला. तोंड उघडं पडलं... आणि फोन कट झाला.

त्यानंतर गावात आबा कुणाला दिसले नाहीत. आणि आमच्या घरात त्यांच्या येरझाऱ्या परत सुरू झाल्या. पहिल्यापेक्षा जास्त. जेवणावरून अर्ध्यात उठायचे, दाराच्या कडीला हात लावून उभे राहायचे. तो व्हिडिओ कॉल करून आपण यांची गावी जायची कुठलीतरी वाट बंद केली, असं मला वाटत राहायचं.

जायला मोकळीक मिळाल्याबरोबर आम्ही त्यांना गावी घेऊन गेलो. घराला आमचंच कुलूप होतं, चावी इतके दिवस माझ्या कपाटात. आत जमिनीवर धुळीचा सरसकट थर होता, एक पाऊल उमटलेलं नाही. बळीरामला विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "आले व्हते म्हंजे आले व्हते. आता तो इषय नको." आबांना विचारलं तर म्हणाले, "मना काय आठवत नाय गो."

सुगंधावहिनीने मला चुलीपाशी बसवलं. मी विचारलं, जेवताना आबा काही बोलले का?

"जास्त नाय. नातीचं बोलले. तिनं पयली भाकरी केली, करपली, आन् तू ओरडशील म्हणून आबांनीच गपचूप खाऊन टाकली म्हणं. पोर रडाय लागली व्हती."

हे मला माहीतच नव्हतं. परत येताना गाडीत स्वराला विचारलं. ती दचकली. "तुला कोणी सांगितलं? आमचं सिक्रेट होतं ते. आबा कोणाला सांगणार नव्हते."

नरेश म्हणतो, फोनवर कधीतरी बोलले असतील. आबांना मोबाईल वापरता येत नाही. मला याचं उत्तर मिळालेलं नाही, तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा.

आबा आता गावीच असतात. मी रोज संध्याकाळी बळीरामच्या मोबाईलवर फोन करते आणि त्यांना द्यायला सांगते. जेवलात का, औषध घेतलं का विचारते. कुठे आहात विचारलं की हसतात, म्हणतात, "हाय ना, घरी."

कुठल्या घरी, गावच्या की आमच्या, हे विचारायची मला अजून हिंमत होत नाही.